काळ्या टोपीचा खंड्या

थाप मारायची तर वेड पांघरून मारावी. शहाण्यासारखी मारली की लोक खोदून खोदून विचारतात. वेड्यासारखी मारली की तेच आपल्याला समजावत बसतात. माझ्या दादाला मी अशीच एक मारली. फोनवर म्हटलं, "अरे, तळ्यावर हल्ली एक खंड्या येतो. चोच लाल, डोकं काळं कुळकुळीत, गळ्यात पांढरी पट्टी. साधाच ना रे हा?" तो म्हणाला, "काळं? चॉकलेटी नाही ना?" मी म्हटलं, "काळं म्हणजे काळं. मला मेलीला काय कळतंय त्यातलं!" पुढच्याच आठवड्यात स्वारी दारात हजर. गळ्यात दुर्बीण, पाठीवर बॅग.

कुठला खंड्या नि कुठलं काय! काळ्या टोपीचा खंड्या समुद्राकाठचा. आमच्या या गोड्या पाण्याच्या तळ्यावर तो कधी आलेला नाही आणि येणारही नाही. बाबांच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं. दादा लहान असताना त्या पानावर बोट ठेवून म्हणायचा, "हा मी बघणार." आता त्याचं डोकं पांढरं झालं. समुद्राकाठी जाऊन जाऊन त्याने चपला झिजवल्या, पण तो काही त्याला दिसला नाही. माणसाच्या आयुष्यात अशी एक राहून गेलेली गोष्ट असते, आणि ती त्याच्या बहिणीला माहीत असते. मी नेम धरून तिथेच मारला.

आणि का मारू नये? आईचा झटका, मग अर्धं अंग जाणं, मग हळूहळू डोक्यातलं सगळं पुसलं जाणं, हे सगळं त्याने फोनवरून पाहिलं. मी फोन करायचे, "येऊन राहा रे थोडे दिवस." तो म्हणायचा, "एखादी बाई ठेव." ठेवल्या की! एक नाही, किती ठेवल्या. आई परक्या हाताला चावते. बोलण्यातलं चावणं नाही, खरोखरचं, दातांनी. शेवटची बाई मनगटाला रुमाल गुंडाळून गेली ती पुन्हा फिरकली नाही. दादाला सांगितलं तर म्हणाला, "या महिन्यात तपासण्या आहेत गं." तो लिफ्ट तपासतो. उंच उंच इमारतींमधल्या लिफ्टांचे दोर, कप्प्या, ब्रेक. जगाला वर-खाली न्यायची जबाबदारी त्याच्यावर, आणि आईला पलंगावरून खुर्चीत न्यायची माझ्यावर. वाटणी अगदी चोख.

मी घरी बसून पडदे शिवते. जड कापडाचे तागे उचलायचे आणि आईला उचलायचं, यात माझ्या बेंबीशेजारी एक गाठ आली. आधी बोराएवढी होती, मग लिंबाएवढी झाली. खोकले की बाहेर येते, आडवी झाले की आत जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हर्निया आहे. टाके घालून घ्या. आतडं अडकलं तर मग जिवाशी खेळ." ऑपरेशन साधं आहे म्हणे. पण नंतर कितीतरी आठवडे पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नाही. मी विचारलं, "आई उचललेली चालेल का?" त्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला.

तारीख मिळाली होती सोमवारची. दादाजवळ मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. फोनवर सांगितलं असतं तर त्याने फोनवरच "काळजी घे हं" म्हटलं असतं, आणि मग माझ्या हातात काय उरलं असतं? तो इथे यायला हवा होता. माझं गणित पक्कं होतं. पक्षी दिसल्याशिवाय हा हलणार नाही. आणि पक्षी तर दिसणारच नाही! राहता राहता त्याला सगळं कळेल. मी कशी उठते, कशी बसते, आईला उचलताना पोट कसं दाबून धरते. ज्या माणसाला झुडपातलं एक पीस दिसतं, त्याला बहिणीचं पोट दिसू नये? मला मागून घ्यायचं नव्हतं. त्याने आपण होऊन म्हणायला हवं होतं.

पण शनिवार उजाडला तरी तो काही म्हणाला नव्हता. तेव्हा मी ठरवलं, गेला मानपान खड्ड्यात. आज तळ्यावर विचारायचंच. तळ्यावर त्याचं मन जरा मऊ असतं.

पाऊस सरून थंडी यायच्या मधले दिवस. पहाटे गवत ओलं आणि उन्हं आली की सगळीकडून वाफा. आम्ही निघालो तेव्हा बागेचं फाटक नुकतंच उघडलं होतं. दादा पुढे, मी मागे आईची चाकाची खुर्ची ढकलत. वाटेवर खडी आहे. खडीवरून खुर्ची ढकलणं म्हणजे काय ते ढकलणाऱ्यालाच ठाऊक. दादा मागे वळून हळूच म्हणाला, "चाकं किती वाजतायत. तेल घालत जा ना."

"घालते की," मी म्हटलं. "आधी माझ्या गुडघ्यांना घालते, उरलं तर चाकांना."

तो हसला. मी हसवायला बोलले नव्हते, पण तो हसला.

काठावर आमचं बाक आहे, तिथे बसलो. पाण्यावर धुकं होतं आणि त्यातून वाळलेल्या झाडाची एक फांदी बाहेर आलेली. त्याच फांदीवर मी माझा खोटा खंड्या बसवला होता, म्हणून दादाची दुर्बीण सारखी तिकडे. पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. चिखलात धोबी पक्षी शेपटी हलवत पळत होते. ते आले म्हणजे पावसाळा संपला असं बाबा म्हणायचे. बाबांनी आम्हा दोघांना एकाच बाकावर बसवून पक्षी शिकवले. दादा हुशार, पण डोळा माझा तेज, हे बाबाच म्हणायचे. दादाला ते कधी आवडलं नाही.

फुलपाखरं मात्र उशिरा उठणारी जात. अंगाला ऊन लागल्याशिवाय पंख हलवणार नाहीत. बाकामागच्या झुडपांवर ती मिटून बसली होती, एकेकाला ऊन सापडलं की उघडत होती. त्यातलं एक पिवळं उडालं आणि येऊन आईच्या हातावर बसलं. उजव्या, मेलेल्या हातावर. हाताला काही कळत नव्हतं, पण डोळ्यांना कळत होतं. आई टक लावून बघत राहिली. मग दादाकडे वळून अगदी अदबीने म्हणाली, "साहेब, हे बघा."

तो आल्या दिवसापासून ती त्याला साहेबच म्हणत होती. साहेब, बसा. साहेबांना चहा दे. दादाने फुलपाखराकडे पाहिलं, आईच्या हाताकडे पाहिलं आणि लगेच दुर्बीण डोळ्याला लावली.

मी म्हटलं, "दादा, ऐक ना. सोमवारी माझं..."

त्याने हात वर केला. "शू."

तळ्यावर बोलायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. लहानपणी मी बडबडले की हाच हात वर व्हायचा. पण या वेळी खरोखरच काहीतरी हललं होतं. धुक्यातून एक पक्षी सरळ रेषेत आला आणि फांदीवर बसला. माझ्या गळ्यात बाबांची जुनी दुर्बीण होती, ती मी लावली. खंड्या होता. चॉकलेटी डोकं, पांढरी छाती, पाठ अशी निळी की बघत राहावं. आपला रोजचा, साधा, पांढऱ्या छातीचा खंड्या. आमच्या घरामागच्या विजेच्या तारेवरही तो बसतो. त्याने पाण्यात सूर मारला, काहीतरी उचललं आणि किलकिलत निघून गेला.

दादाने दुर्बीण खाली घेतली. हळू आवाजात म्हणाला, "दिसला."

"काय दिसला?"

"काळ्या टोपीचा. बघितलास ना? गळ्यातली पट्टी कशी स्वच्छ दिसली!"

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. हा माणूस शाळेत असताना याने गुरुजींना पक्ष्यांच्या तक्त्यातली चूक दाखवली होती. मैलभरावरून घार की गरुड ते सांगणारा माणूस. त्याला चॉकलेटी आणि काळं कळू नये? त्याने खिशातून फोन काढला, त्यावर भराभरा काहीतरी लिहिलं आणि पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर पाठवून दिलं. मग म्हणाला, "चला, एकदाचं डोळ्यांचं पारणं फिटलं. संध्याकाळची गाडी मिळते का बघतो."

मी त्याचा फोनवाला हात धरला.

"दादा, तो साधा होता."

"काहीतरीच काय? तुला नीट दिसला नसेल."

"मला नीट दिसला. आणि दुसरा कुठला दिसणारच नव्हता. मी थाप मारली होती तुला. इथे असला पक्षी नाहीच."

मला वाटलं आता हा उसळेल. लहानपणी उसळायचा तसा. म्हणेल, एवढी रजा घालवलीस माझी. मी तयारीतच होते, उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. पण तो शांतपणे दुर्बिणीच्या काचा पुसत राहिला. मग म्हणाला, "माहितीये मला."

"काय माहितीये?"

"थाप आहे ते. फोनवरच कळलं. तू जन्मात कधी मला 'हा कुठला पक्षी' असं विचारलं आहेस का गं? तू सांगायचीस. आणि मग भांडायचीस."

घ्या! करायला गेले एक आणि झालं भलतंच. इतके दिवस मी समजत होते की मी त्याला खेळवतेय.

"मग आलास कशाला?"

"आलो. तू एवढी मोठी थाप मारलीस म्हणजे काहीतरी असणार. आणि पक्ष्यासाठी आलो म्हटलं की बरं असतं. पक्षी दिसला की जाता येतं. आईसाठी आलो म्हटलं की कधी जायचं ते ठरवता येत नाही."

हे तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. तपासणीचा अहवाल वाचावा तसं.

"मग मी बोलायच्या आत तुला बरा दिसला आज!"

त्याने दुर्बिणीच्या काचांना झाकणं लावली.

"मी काय विचारणार होते ते तरी माहितीये का?"

"बघितलं मी," तो म्हणाला. "आईला उचलताना पोट धरतेस. परवा मोरीत भिंतीला टेकून उभी होतीस, तेही बघितलं. औषधांच्या फळीवर दवाखान्याची चिठ्ठी आहे, त्यावर सोमवार लिहिलाय. तू विचारशील असं रोज वाटत होतं. आज विचारणार हे तुझ्या चालण्यावरूनच कळलं."

झोपलेल्याला जागं करता येतं, सोंग घेतलेल्याला नाही. ही म्हण मी हजारदा ऐकली होती. अंगावर आली ती त्या दिवशी. म्हणजे त्याला सगळं दिसत होतं. मला वाटत होतं त्याला दिसत नाही, आणि मी त्या न दिसण्यावर त्याला मनातल्या मनात माफ करत होते. हर्नियाच्या गाठीपेक्षा ते जड निघालं.

तरी मी विचारलं. लाज सोडली आणि विचारलं. "आता तर कळलं ना सगळं? मग राहा. मी बरी होईपर्यंत राहा. मी तुला शिकवते, अवघड नाही. काखेत हात घालायचे, आपला गुडघा तिच्या गुडघ्याला लावायचा आणि उचलायचं."

"नाही जमणार गं मला."

"का नाही जमणार? हात मोडलेत?"

"ती मला साहेब म्हणते." त्याचा आवाज चिरकला. खरंच चिरकला, मी खोटं नाही सांगणार. "आपल्या आईने आपल्याला साहेब म्हणायचं, आणि आपण तिचे कपडे बदलायचे. नाही होत माझ्याच्याने."

"आणि मला काय म्हणते ते ऐकलंस का? बाई म्हणते. ए बाई, पाणी दे. ए बाई, दिवा लाव. मग मी बाईसारखी करते. तूही साहेबासारखा कर की! साहेब काय माणसाला उचलत नाहीत?"

आवाज चढला माझा. पाणकावळे उडाले. आई घाबरली आणि "बाई, भांडू नको, साहेब रागावतील" म्हणून माझा पदर ओढायला लागली. हातावरचं फुलपाखरू कधी गेलं ते कळलंही नाही.

"मग ते ग्रुपवर कशाला टाकलंस?" मी विचारलं. "खोटं आहे हे माहीत असून?"

"सगळ्यांना सांगून आलो होतो त्या पक्ष्यासाठी जातोय म्हणून. रोज विचारत होते, दिसला का, दिसला का. काहीतरी सांगायला नको?"

"आईला बघायला चाललोय असं नाही सांगितलंस?"

"तसं सांगितलं की लोक आईबद्दल विचारतात," दादा म्हणाला.

संध्याकाळी तो गेला. मी थांब म्हटलं नाही. जाताना आईच्या पलंगाशी वाकला, तिच्या पायांना हात लावला आणि तसाच बसून राहिला. आई म्हणाली, "साहेब, पुन्हा या बरं का. आमचा मुलगा येणार आहे, तेव्हा या. तो तुमच्यासारखाच आहे, पक्ष्यांचं वेड आहे त्याला." दादाने मान हलवली. मग बॅग उचलली. बॅग बरी उचलता आली.

सोमवारी सकाळी मी दवाखान्यात फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, "अहो, पुन्हा तारीख लवकर मिळणार नाही." म्हटलं, "नको मिळू दे. ज्याच्या घरी माणूस असेल त्याला द्या ही." तिला वाटलं मी चिडून बोलतेय. चिडूनच बोलत होते. मग मशीनवर बसले आणि कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीचे पडदे शिवले.

आणि पुढच्या रविवारी काय बघते! बागेच्या फाटकाबाहेर गाड्याच गाड्या. तळ्याच्या काठावर माणसंच माणसं, तीन पायांवर उभे केलेले कॅमेरे, हातभर लांबीच्या भिंगांच्या नळ्या, गळ्यात थर्मास. सगळे चिडीचूप. सगळ्यांची तोंडं त्या वाळलेल्या फांदीकडे. रातोरात प्रवास करून आले होते. एकजण तर म्हणे बायकोची तपासणी पुढे ढकलून आला होता. मी आईची खुर्ची घेऊन आमच्या बाकाशी गेले तर बाकावर तिघं बसलेले. चाकं वाजली तशी सगळ्यांनी माझ्यावर डोळे वटारले.

बाकावरचा एक हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही इथे रोज येता का? तुम्हाला दिसला असेल ना, काळ्या टोपीचा?"

मी म्हटलं, "तो इथे नाही. कधीच नव्हता. ज्याने सांगितलं तो माझा सख्खा भाऊ आहे, आणि त्याने साधा खंड्या बघितला. मी शेजारीच बसले होते."

ते तिघे एकमेकांकडे बघून हसले. वाईट नाही हसले, अगदी समजूतदार हसले. "तुम्ही त्यांच्या बहीण? वा! अहो, त्यांची नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. नवख्या डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात हो. सरावाचा प्रश्न आहे." दुसरा म्हणाला, "एका पक्ष्यासाठी कामधाम टाकून इथे येऊन राहिले. असं वेड असावं लागतं माणसाला." माझं खरं सांगून झालं होतं.

उन्हं आली. झुडपांवरची फुलपाखरं एकेक करून उघडायला लागली. ती बघायला आई पुढे झुकली आणि खुर्चीतून घसरली. पूर्ण पडली नाही, पण निम्मी खाली आली, पाय खडीवर आणि मान मागे दांड्याला अडकलेली. मी एका हाताने तिला धरलं. दुसरा हात पोटावर गेला, आपोआप जातो तो. बाकावरच्या माणसाला म्हटलं, "भाऊ, जरा हात लावता का? एका बाजूने धरलंत तरी पुरे."

त्याने डोळा कॅमेऱ्यावरून काढला नाही. कुजबुजत म्हणाला, "थांबा हं ताई, फांदीवर काहीतरी आलंय."

मी फांदीकडे पाहिलंही नाही. पोटावरचा हात काढला, दोन्ही हात आईच्या काखेत घातले, माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लावला आणि उचललं.